घट्ट झाकण

लोणच्याच्या बरणीचं झाकण वृंदाला काही केल्या उघडेना. आई जायच्या आधीची, तिच्या हातची ही शेवटची बरणी. आमवातानं बोटं वाकडी झाल्यापासून आईची सगळी झाकणं सैल असायची आणि डब्यांना मुंग्या लागायच्या.

"एवढं कुणी आवळलंय हे?"

"आजीनंच," सई म्हणाली. बारा वर्षांच्या या लेकीचीही बोटं आता सकाळी वळत नव्हती. तिच्या ताटात वृंदानं पोळीचे तुकडेच करून वाढले होते.

गोळ्यांनी भागत नव्हतं. डॉक्टरांनी सईसाठी इंजेक्शनं सुचवली होती, आईला दिली तीच. त्यामुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, हेही सांगितलं होतं. आई न्यूमोनियानं गेली. वयामुळे की इंजेक्शनांमुळे, हे वृंदाला कुणीच छातीठोकपणे सांगितलं नव्हतं. आणि आज डॉक्टरांना होय-नाही कळवायचं होतं.

"इंजेक्शनं सुरू झाल्यावर आवळलं तिनं. म्हणाली, बघ गं, मूठ वळतेय माझी! आता तुझ्या आईला म्हणावं, उघडून दाखव."

वृंदाला हसू आलं, लगेच डोळेही भरले. तिनं ओढणीत धरून पुन्हा जोर लावला. झाकण तसूभरही हललं नाही.

"राहू दे आई," सई म्हणाली. "मी उघडीन ते. नंतर."

आई नेमकी कशामुळे गेली, हे वृंदाला अजूनही उमगत नव्हतं. बरणी तिनं तशीच फडताळात ठेवली आणि डॉक्टरांना फोन लावला.

"भीती वाटतेय," ती म्हणाली. "पण कधी घेऊन येऊ तिला?"