दुभाषी लेक

"टेबल बाई आणि हातोडा बुवा, हे ठरवलं कुणी?" बाबांनी रंधा थांबवून लेकीला विचारलं.

"कुणीच नाही, बाबा. पाठच करायचं. ला मेसा म्हणजे टेबल, एल मार्तीयो म्हणजे हातोडा. बाईला ला, बुवाला एल."

"आणि आपल्यासारखं 'ते' नाहीच? ना बाई ना बुवा, असं बिचारं काही?"

"वस्तूंना नाही."

"कमाल आहे!" म्हणत बाबांनी करवतीवर चिठ्ठी चिकटवली: ला सिएर्रा.

साठीच्या सुताराला हे स्पॅनिशचं खूळ कुठून लागलं, ते गिऱ्हाइकांना कळेना. लेकीला मात्र कळत होतं.

तिने निवडलेल्या मुलाच्या आईवडिलांना स्पॅनिशखेरीज काही येत नव्हतं. चार महिन्यांपूर्वी व्हिडिओ कॉलवर ओळख झाली, तेव्हा दुभाषी तीच. बाबांनी तोंडावर सांगितलं होतं, "मला हे लग्न पसंत नाही." तिने पलीकडे सांगितलं की बाबा फार 'कोन्तेन्तो' आहेत, म्हणजे खूश आहेत. तिकडे आनंदीआनंद! नकार ऐकूनही हसतात म्हणजे माणसं सभ्य दिसतात, असं बाबा नंतर म्हणाले.

आता तीच माणसं रविवारी घरी येणार होती. बाबांशी त्यांची थेट बोलाचाल झाली, की लग्न मोडलंच.

म्हणून ती त्यांना एल आणि ला यांच्यातच घोळवत होती. क्रियापद विचारलं की म्हणायची, "आधी पाया पक्का." सुतारच ते, त्यांना पटायचं. एरवी कानात इअरफोन घालून रंधा मारत बसायचे. जुनी गाणी ऐकत असतील, म्हणून तीही निश्चिंत होती.

एकदा मात्र त्यांनी विचारलं, "कोन्तेन्तो कोण? बाई की बुवा?"

तिच्या हातातल्या चिठ्ठ्या खाली पडल्या. "ती वस्तू नाही, बाबा. नंतर शिकवीन."

"बरं," म्हणून ते पुन्हा कामाला लागले.

रविवारी पाहुणे आले. चहा झाला. मुलाच्या वडिलांनी हसत विचारलं, "मग लग्न कधी करायचं?"

"प्रवास फार लांबचा झाला, म्हणताहेत," तिने बाबांना सांगितलं.

बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बस पोरी, दमलीस तू."

मग ते पाहुण्यांकडे वळले आणि सावकाश, पण न अडखळता, स्पॅनिशमध्ये बोलू लागले. "त्या दिवशी मी नाही म्हणालो होतो. हिने तुम्हाला हो सांगितलं. ज्या दिवशी इअरफोनवरच्या धड्यांत मला 'कोन्तेन्तो'चा अर्थ कळला, त्या दिवशी हेही कळलं, की बापाला घाबरणाऱ्या या पोरीला तुमचा मुलगा किती हवा आहे. पुढचा महिना चालेल तुम्हाला?"