डावीकडचा क्लच

बारावीतल्या धम्मदीपाला कारंज्याच्या मोटारशर्यतीत उतरायचंच होतं. तिच्या प्रसेनजित मामाची अट एकच होती: वळणावर तिसऱ्यातून दुसरा गिअर टाकताना गाडीनं झटका खायचा नाही.

मेडशीबाहेरच्या माळावर मामाच्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी धुरळा उडवत पळत होती. शिकवणाऱ्यासाठी डावीकडेही एक क्लच होता, धम्मदीपाच्या क्लचला जोडलेला. एक दाबला की दुसरा आपसूक खाली जायचा.

वळण आलं. उजव्या पायाचा पंजा ब्रेकवर, टाच अॅक्सिलरेटरवर. इंजिन गुरगुरलं आणि गिअर अलगद बसला. काय भारी!

"पण मामा, तुमी काहून क्लच दाबता? माह्या आधीच दाबून राह्यले."

"म्या? अवं, मी तं मांडी घालून बसलो. पाय पाह्य!" मामा हसला. "शर्यतीच्या नावानंच येडी झाली तू. आता एकटी मार चक्कर, मी खाली उतरून पाह्यतो."

एकटी! धम्मदीपाच्या अंगात वारं भरलं. पुढच्या वळणावर गिअर असा बसला की गाडीला कळलंही नाही. दूर उभा मामा दोन्ही हात उंचावून ओरडला, "पक्कं! तूच जाशील कारंज्याले!"

तीही आनंदानं ओरडली, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपला डावा पाय क्लचपर्यंत पोचलाच नव्हता.

पुन्हा वळण आलं. तिनं मुद्दाम डावा पाय उचलून सीटवर घेतला.

मामाच्या रिकाम्या सीटसमोरचा क्लच सावकाश तळापर्यंत गेला, आणि तिनं गिअर टाकायची वाट पाहत तसाच दाबलेला राहिला.