खुंटीवरची वही

शिवणवर्गाच्या चाळीस वर्षांत बाईंना अक्कल शिकवण्याची कोणाची टाप झाली नव्हती. बँकेतली नात मुलींना फोनवरचे पैसे सांभाळायला शिकवू लागताच त्या गरजल्या, "जीव गेला तरी माझ्या मुली पिन सांगणार नाहीत!" "सांगायची गरजच नाही, आजी." नातीने खुंटीवरची मापांची वही उचलली. गिऱ्हाइकांसमोर ती सदा उघडीच असे. पहिल्या मुलीचे माप पाहून नातीने तिच्या फोनवर आकडे दाबले. छाती बत्तीस, कंबर सव्वीस. शिवणयंत्रासाठी साठवलेल्या पैशांचे खाते खाडकन उघडले. दुसरीचे उघडले, तिसरीचेही. बाईंच्या तोंडचे पाणी पळाले. "ही युक्ती कोणाची?" नातीने दरडावले. मुलींनी माना खाली घातल्या. बाईंकडे पाहण्याचे धाडस एकीलाही होईना. "माझी," बाई पुटपुटल्या. "विसरू नये म्हणून मीच सांगितलं." वही मिटून त्या प्रथमच मुलींच्या रांगेत चटईवर बसल्या.