काकांची फेरी

"मग उद्यापासून या, काका," मॅनेजर म्हणाला. "काम सोपं आहे. फळीवरचे डबे संपले, की नवे लावायचे."

काकांनी मान डोलावली. त्यांचा उभा जन्म डबे लावण्यातच गेला होता; फक्त दुकान स्वतःचं होतं. हे सुपरमार्केट उघडलं आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या त्यांच्या दुकानातलं गिऱ्हाईक आटत आटत काडेपेटीपुरतं उरलं. दुकान बंद केलं तर अंडीवाल्या मावशींची अंडी आणि शेजारच्या भट्टीतला पाव कोण विकणार, या विचारानं त्यांचा डोळा लागत नव्हता. पण घरही चालायला हवं होतं. बायकोला ते 'जरा पाय मोकळे करून येतो' एवढंच सांगून आले होते.

मॅनेजरची खोली अगदी मागे होती. बाहेर पडायचं तर सगळ्या फळ्यांमधून जावं लागे, आणि रविवारची गर्दी होती. कुणी ओळखीचं दिसू नये म्हणून काका मान खाली घालून निघाले. पहिल्याच वळणावर मास्तरांची ढकलगाडी त्यांच्या गुडघ्यावर आदळली.

"काका! तुम्ही इथे?"

"असंच. सहज," काका म्हणाले. त्यांचे कान तापले होते.

मास्तरांचे त्याहून लाल झाले. 'हल्ली आमचं खाणंच कमी झालंय हो,' असं ते परवाच दुकानात सांगून गेले होते. गाडीत तेलाचा डबा होता, साबण होते, बिस्किटांची उतरंड होती.

"शेजाऱ्यांचं आहे," मास्तर गाडी पाठीमागे लपवत म्हणाले. "आजारी आहेत बिचारे."

पुढे डॉक्टरीणबाईंनी काकांना पाहिलं आणि हातातली अंडी गुपचूप जागेवर ठेवली. शिंपीदादा शाम्पूच्या बाटल्यांआड इतके खाली वाकले, की फक्त टक्कल दिसत राहिलं. काकांना यातलं काही उमगलं नाही. सगळ्यांनी आपल्याला नोकरी मागताना पाहिलं, आता गल्लीत तोंड दाखवायला जागा नाही, एवढंच डोक्यात घोळत होतं. घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगून टाकलं. ती नुसतीच "हं" म्हणाली.

दुकान बंद होतंय, हा निरोप सकाळी मावशींना सांगायचा, म्हणून काकांनी दुकान उघडलं. शटर अर्धं वर गेलं आणि खालून डॉक्टरीणबाई आत आल्या.

"अंडी द्या काका. मावशींचीच हं! दुसरी मला पचतच नाहीत."

मागोमाग शिंपीदादा आले. त्यांनी पाव घेतला, तांदूळ घेतले, कारण नसताना मधाची बाटलीही घेतली. मग दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मास्तर हजर.

"शेजारी कसे आहेत?" काकांनी काळजीनं विचारलं.

"कोण? हां, ते! ठणठणीत!" मास्तर गल्ल्यावर ओणवले आणि हळू आवाजात म्हणाले, "काका, खरं सांगा. काल एकूण किती जणांना पकडलंत?"

"पकडलं?"

"आता भोळेपणाचा आव आणू नका. गल्लीभर बोभाटा झालाय. काका स्वतः हिंडून बघताहेत, कोण कुठे सामान भरतंय ते. माणसं लाजेनं अर्धी झालीत हो!"

काकांनी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात मदतीला येऊन मागे उभ्या राहिलेल्या बायकोनं असा चिमटा काढला, की त्यांनी ते आवाज न करता मिटलं.

उन्हं अंगणात यायच्या आत पाव संपला. मावशींची टोपलीही रिकामी झाली. "कोंबड्यांना सांगते, बायांनो, जरा उरका म्हणून," असं म्हणत त्या टोपली डोक्यावर पालथी घालूनच धावल्या. बायको साखर मोजत होती. रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती.

फोन वाजला. मॅनेजर होता.

"काका, वाट बघतोय. येताय ना?"

काकांनी रांगेकडे पाहिलं. फोन कानाशी धरून ते सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाले,

"येतो की साहेब! दर रविवारी येतो. पगार नको. नुसती एक फेरी मारीन."