दोन खरी, एक खोटं

“आज कोणी अनोळखी माणूस दारात आला, तर इंग्रजीशिवाय एक शब्द कोणाच्या तोंडून निघता कामा नये,” खुर्च्या सरळ करता करता बाईंनी बजावलं.

“आणि काही सुचलंच नाही तर?” टॅक्सीवाल्याने विचारलं.

“तर हसा. पण इंग्रजीत.”

बाईंच्या जिवाला घोर लागला होता. इमारत विकली गेली होती आणि नव्या मालकाचं तोंडही कोणी पाहिलं नव्हतं. दलाल एवढंच सांगून गेला होता, की वर्ग ठेवायचा की हलवायचा, ते मालक स्वतः येऊन बोलतील. इंग्रजी बोलायला शिकवण्यात बाईंची उमेदीची सगळी वर्षं याच खोलीत गेली होती. दुसरीकडे एवढ्या आरडाओरड्याला जागा कोण देणार? त्यांच्या वर्गात पाठांतर नसे. नाटकं असत, मुलाखती असत, भांडणं असत. एकदा दुकानदार आणि गिऱ्हाईक इतके रंगात आले, की खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर सोडवायला धावत वर आले होते.

“सगळे आले?”

“मौनीकाका राहिलेत,” नर्स म्हणाली. “खाली ताटकळले असतील. दादा, जा बाबा.”

टॅक्सीवाला मुकाट्याने उठला. त्याचं हे रोजचंच काम. डॉक्टरांचा कुत्रा जिन्याच्या पायथ्याशी पडून असायचा. अगदी म्हातारा, आणि दातांच्या डॉक्टरांचा असून तोंडात दात औषधालाही नाही. तरी त्याला बघून काकांची गाळण उडायची. टॅक्सीवाल्याचा हात धरून, डोळे मिटून ते जिना चढत.

काका वर्गात नवे. पहिल्या दिवशी खिशात काहीतरी खुळखुळवत दारात उभे राहिले होते. “बाई, जरा बोलायचं होतं.”

“बोलायलाच तर येतात सगळे इथे!” म्हणत बाईंनी त्यांना मागच्या खुर्चीत बसवलं, वर पाणीही दिलं. तेव्हापासून काका न चुकता येत, दुसऱ्यांच्या विनोदांना हसत आणि स्वतःवर वेळ आली, की रुमालाने मान पुसत बसत. म्हणून ते मौनीकाका.

“आजचा खेळ सोपा,” बाई म्हणाल्या. “तीन वाक्यं बोलायची. दोन खरी, एक खोटं. खोटं कुठलं, ते बाकीच्यांनी ओळखायचं. आणि नियम म्हणजे नियम! खोटं एकच. कमी नाही, जास्त नाही. एरवी जे जिभेवर येत नाही ना, ते खेळात सहज येतं.”

तेवढ्यात दार वाजलं. भरघोस मिशांचा, हातात चामडी बॅग घेतलेला गृहस्थ आत डोकावला. वर्गाने एका सुरात इंग्रजी स्वागत केलं. बाईंनी स्वतःची खुर्ची दिली. शिवणकामवाल्या ताईंनी न विचारताच हवामानाविषयी सांगायला सुरुवात केली. गृहस्थ गोंधळला, पण मागे हटला नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याने सांगितलं, की तो डॉक्टरांच्या दवाखान्यातला पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला आला आहे आणि त्याला दवाखाना सापडत नाहीये.

तो गेल्यावर बाई मटकन खुर्चीत बसल्या.

“मालकाचं मालक बघेल. काका, आज मात्र तुम्हाला सोडणार नाही.”

काका उठले. मान पुसली. जिना चढावा तसा एकेक इंग्रजी शब्द चाचपत त्यांनी सुरुवात केली.

“मी कुत्र्याला घाबरतो.”

हशा पिकला.

“ही इमारत मी विकत घेतली.”

आणखी मोठा हशा.

“वर्ग इथेच राहील.”

टाळ्या.

“इमारत खोटी!” सगळा वर्ग ओरडला.

काकांनी नकारार्थी मान हलवली. खिशातून जुडगा काढला आणि अलगद टेबलावर ठेवला. त्यात अडकवलेली मोडकी शिट्टी बाईंनी लगेच ओळखली. जुन्या मालकांच्या किल्ल्या.

मग एकच कल्ला झाला. शिवणकामवाल्या ताईंनी बाईंना मिठीच मारली. टॅक्सीवाल्याने शिट्टी फुंकून पाहिली.

“अहो काका,” बाईंचे डोळे भरून आले, “इतके दिवस बोलला का नाहीत?”

“जमतच नव्हतं,” काका जमिनीकडे बघत म्हणाले. “तुम्ही इतक्या मायेने बसवून घेतलंत. तोंडच उघडेना. आज तुमच्या खेळामुळे जमलं.”

टाळ्यांचा पुन्हा कडकडाट झाला. नर्स तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. औषधं मोजून द्यायची सवय. तिची तीन बोटं अजून वरच होती.

“पण बाई, मग खोटं वाक्य कुठलं?”

खाली जिन्यापाशी कुत्रा भुंकला, आणि काका टुणकन उडी मारून टॅक्सीवाल्याच्या पाठीमागे लपले.