खिंडीतलं वाक्य

"पाच मिनिटं बसते," म्हणत मी सायकल बर्फात आडवी टाकली आणि तिच्या शेजारीच टेकले. स्पितीतली खिंड, उणे अठरा, पुढचं गाव अजून नऊ किलोमीटर. थंडी वाजायची थांबली होती आणि छान झोप येत होती.

पुढे गेलेला माझा नवरा, श्रीरंग, परत आला. त्याने दोन हाका मारल्या, मी हलले नाही. एरवी प्रत्येक चढावर "शाब्बास" म्हणणारा हा माणूस कडाडला, "ऊठ! तुला आणलं हेच चुकलं. अकरा वर्षं ओढतोय मी तुला. सायकलवर काय, घरात काय!"

मी उठले. त्याला मागे टाकलं आणि शिव्या घालत नऊच्या नऊ किलोमीटर सायकल मारली. त्याच्या आईचं आजारपण मी काढलं, त्याची नोकरी दोनदा सुटली तेव्हा घर मी चालवलं, आणि ओढतोय कोण? हा?

गावातल्या एका घरात चुलीपाशी तो माझे हात चोळायला लागला. रडायलाच लागला. "तिथे झोपली असतीस तर उठली नसतीस गं. तुला चिडवायलाच बोललो."

"कळलं मला. जीव वाचवलास माझा." मी हात सोडवून घेतले. "पण चिडवायला सायकलवरचं पुरलं असतं. घरातलं इतक्या पटकन कसं सुचलं?"

तो आधीच भरलेल्या चुलीत आणखी लाकडं सारत बसला.