मधली चौकट
आमच्या नागोयाच्या कारखान्यात शिक्केसुद्धा वाकून नमस्कार करतात. आराखड्यावर तीन चौकटी असतात: डावीकडे मंजुरीची, म्हणजे माझी, मध्ये तपासणाऱ्याची, उजवीकडे काढणाऱ्याची. हाताखालची माणसं आपल्या नावाचा शिक्का माझ्या चौकटीकडे किंचित कलवून उमटवतात. सोमवारी शिइनाने काढलेल्या आराखड्यात एक आकडा चुकला आणि दोनशे पत्रे चुकीचे कापले गेले. घाई मीच केली होती, म्हणून कागद फक्त तिच्या शिक्क्यावर पुढे गेला होता. तपासणाऱ्याचा शिक्का नसला की चूक एकट्या काढणाऱ्याची, आणि कंत्राटी माणसाला कामावरून काढायला तेवढं निमित्त पुरतं. शिइना कंत्राटी होती. आज दुपारी तोच कागद माझ्या टेबलावर आला, तेव्हा मधल्या चौकटीत आमच्या म्हाताऱ्या तपासनीस मिझोगुचींचा शिक्का होता. “तुम्ही तपासला होतात?” मी त्यांना विचारलं. “हो साहेब. नजरचूक झाली.” “सोमवारी तुम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात होतात.” “जायच्या आधी तपासला.” “शाई अजून ओली आहे.” “हवा दमट आहे, साहेब.” मिझोगुचींची नजर अधू झाल्यापासून त्यांचे चुकलेले आकडे शिइना गुपचूप पेन्सिलीने दुरुस्त करते, हे मला ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक आहे, हे आत्ता कळलं. तेवीस वर्षं माझ्याकडे वाकणारा त्यांचा शिक्का आज उजवीकडे, शिइनाच्या चौकटीकडे वाकला होता. मी कागद पुढ्यात ओढला. माझी चौकट अजून कोरीच होती.